पुराचं माप

नागभीड मागे टाकून ब्रह्मपुरीच्या वाटेला लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या सुरू होतात. चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं शेत म्हणजे बांधी. कार्तिक नुकताच लागला होता. हलकं धान कापून कडपा पसरल्या होत्या, भारी धान पिवळं पडत उभं होतं आणि त्याच्या बुडाशी पाऊल रुतेल इतकी ओल होती. सांगलीकडच्या माणसाला या ओलीचं नवल वाटतं. आमच्याकडे दिवाळीत पाणी बघायचं तर विहिरीत नाहीतर पाटात डोकवावं लागतं. इथं पाणी जमिनीवरच मुक्कामाला असतं. ते किती दिवस धरायचं आणि कधी सोडायचं, यात शेतकऱ्याचं निम्मं कसब आहे.

मी वैनगंगेच्या काठाने खाली सिरोंच्यापर्यंत निघालो होतो. कृष्णेकाठी वाढलेला माणूस कुठल्याही नदीवर गेला की आधी तिच्या पुराची चौकशी करतो. पावसाळ्यात सांगलीत दोघं भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनखाली किती?’ १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं आणि अर्धं शहर पाण्यात होतं. फुटांचा तो आकडा लहान मुलांनाही पाठ असतो. वैनगंगेकाठची माणसं आपली नदी कशाने मोजतात, हे मला बघायचं होतं.

आणि मनात आणखी एक नदी होती. पुराच्या मापावर जगात सर्वांत जास्त काळ जगलेला देश म्हणजे इजिप्त. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच. जून ते सप्टेंबर इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस कोसळायचा, निळी नाईल आणि अत्बरा या नद्या तिथली माती घेऊन धावायच्या आणि उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत, निरभ्र आकाशाखाली, इजिप्तची शेतं पाण्यात बुडायची. त्यावरून वर्षाचे तीनच ऋतू केलेले: अखेत म्हणजे पुराचा, पेरेत म्हणजे जमीन वर येऊन पीक उगवण्याचा आणि शेमू म्हणजे कापणीचा. असवानजवळ एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या भिंतीवर हाताच्या मापाच्या खुणा आजही आहेत. सुमारे ४४०० वर्षांपूर्वी कोरलेल्या पालेर्मो शिलेवर राजांच्या एकेका वर्षाच्या नोंदीखाली त्या साली पाणी किती चढलं ते लिहिलेलं आहे. प्लिनी या रोमन लेखकाने तर हिशेबच मांडून ठेवला: १२ हात पाणी आलं तर दुष्काळ, १६ हात आलं तर आनंदीआनंद. सारा किती घ्यायचा, तेही पाण्याच्या उंचीवरूनच ठरायचं.

बांधीच्या धुऱ्यावर उभं राहिलं की हा इजिप्त फार लांबचा वाटत नाही. तिथल्या शेतकऱ्यानेही मातीचे बांध घालून जमिनीचे मोठे मोठे हौद केले होते. चढलेली नदी चर खोदून त्यांत घ्यायची, महिना-दीड महिना पाणी कोंडून गाळ बसू द्यायचा आणि मग ते खालच्या हौदात किंवा परत नदीत सोडायचं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका दगडी गदेवर ‘विंचू’ नावाने ओळखला जाणारा राजा हातात कुदळ घेऊन पाटाच्या काठी उभा दाखवला आहे. राजाने कुदळ हातात घेतलेली दाखवावी, एवढं ते काम मोठं होतं. फरक इतकाच की त्यांचा हौद नदीने भरायचा. बांधी पावसाने भरते आणि पाऊस दगा देईल तेव्हासाठी तलाव राखलेला असतो.

तलावांचा हा प्रदेश बघून हरखायला होतं. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, असं इकडे सांगतात. कोहळी समाजाच्या माणसांनी उताराचा अंदाज घेत, दोन टेकड्यांमध्ये पाळ टाकत हजारो तलाव उभे केले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं घेऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. गावोगावच्या लहान बोड्या वेगळ्याच. एका तलावाचं पाणी सांडलं की खालच्या तलावात जातं, तिथून बोडीत, तिथून बांधीत आणि उरलंसुरलं नाल्याने वैनगंगेला. आमच्याकडे विहीर एकाची असते आणि तिच्यावरून भाऊ भाऊ वेगळे होतात. इथं वरच्याने पाणी सोडल्याशिवाय खालच्याचं धान पिकत नाही, म्हणून दोघांना एकमेकांशी बोलत राहावंच लागतं.

याच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि त्यातून एचएमटी हा बारीक, चवदार तांदूळ निघाला. आज तो पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे मिळतो. दादाजी २०१८ साली गेले, हलाखीतच. त्यांच्या वाणाने ज्यांची ताटं भरली त्यांतल्या फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

ब्रह्मपुरीच्या पुढे एका बांधीत म्हातारा शेतकरी उभ्या धानातून चालत मूठमूठ बी फेकत होता. नांगर नाही, कुदळ नाही. ‘लाखोरी हाय जी,’ तो म्हणाला. धान कापायच्या आठ-पंधरा दिवस आधी, बुडाशी चिखल असतानाच लाखोळी, जवस किंवा हरभरा फेकायचा. कापणी होईपर्यंत अंकुर वर येतो आणि उरलेल्या ओलीवर एकाही पाण्याशिवाय पीक हाती लागतं. याला उतेरा म्हणतात. थडग्यांच्या भिंतींवर इजिप्तच्या चिताऱ्यांनी हेच रंगवून ठेवलंय: पूर ओसरलेल्या गाळात गहू-जव फेकणारा माणूस आणि बी तुडवून मातीत घालायला मागून हाकलेली मेंढरं. जवस तर दोन्हीकडचं. त्यांनी त्याच्या धाग्याचं तलम कापड विणलं, मेलेल्या राजांनाही त्यातच गुंडाळलं. इथं त्याचं तेल गाळतात आणि चटणी करतात.

लाखोळीचं नाव बाहेर बदनाम आहे. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती. दुष्काळात दुसरं काही न मिळाल्याने महिनोन् महिने फक्त लाखोळीवर जगलेल्या माणसांना हा आजार होई. इथली माणसं तिला भाताच्या जोडीला खात आली. त्या दुपारी म्हाताऱ्याच्या घरी भात, लाखोळीच्या पाल्याची सुकवलेली भाजी आणि झिंग्यांचं कालवण जेवलो. भात वाढताना घरच्या बाईने मला विचारलंच नाही. ताट रिकामं दिसलं की तिचा हात पुढे होई. आमच्याकडे भाकरी मुख्य आणि भात शेवटी घासभर. इथं भात संपला म्हणजे जेवण संपलं.

ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज हे नदीने वेढलेलं गाव. त्याच्या आजूबाजूला पिंपळगाव, बेलगाव अशी काठावरची गावं. २०२०च्या ऑगस्टअखेरीस भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारं उघडावी लागली आणि वैनगंगा या गावांत शिरली. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी तिकडच्या पावसाचं पाणी घेऊन आली. इथं त्या वेळी फारसा पाऊसही नव्हता. माणसांना बोटींतून काढावं लागलं. एका घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या छातीच्या वर. घरधन्याने ती पुसली नाही, उलट खिळ्याने कोरून पक्की केली.

‘आदी पूर सांगून ये जी,’ काठावर जाळं विणत बसलेला एक ढिवर आजा म्हणाला. ‘पानी लाल झालं, वरून काडीकचरा आला, का समजे. रात्र हाती राहे. आता दारं किती उघडली, ते फोन सांगते.’

मला हवं होतं ते माप मिळालं. सांगलीत फूट, इजिप्तमध्ये हात, वैनगंगेकाठी दारं. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, बाजारात लोक हाच आकडा विचारतात: आज किती उघडली, किती मीटरने? तहसीलकडून निरोप येतो, कोतवाल दवंडी देतो, मोबाइलवर संदेश फिरतात. कैरोत १९व्या शतकातही पुराच्या दिवसांत नदीचा दवंडीवाला रोज गल्लीगल्लीतून आजचं पाणी ओरडून सांगत फिरायचा. पण तो चढ हळू होता. आधी हिरवट पाणी, मग लाल, मग दिवसाला काही बोटं अशी नदी आठवड्यांनी वर यायची. शेतकऱ्याला गुरं हलवायला, बांध नीट करायला सवड मिळे. पुराचा उपयोग करायचा तर आधी त्याची वेळ आणि उंची कळायला हवी. सारी इजिप्ती शेती या एका गोष्टीवर उभी होती. आज्याची रात्रभराची सवड गेली, आणि तिच्याबरोबर त्याने उभ्या जन्मात जमवलेलं नदीचं वाचनही निरुपयोगी झालं.

धरणाने दिलंही आहे, हे सांगायलाच हवं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचं पाणी आसोलामेंढा तलावाच्या टापूत पोचतं आणि जिथं पावसाने दडी मारली की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधीतच जळायचे तिथं आता रोवणी होते. १८७७ आणि १८९९ या दोन सालांची आठवण काढली तर याची किंमत कळते. त्या दोन्ही वर्षी हिंदुस्थानात मोसमी पावसाने पाठ फिरवली आणि त्याच दोन्ही वर्षी नाईलचा पूरही फार खाली राहिला. प्रशांत महासागरात एल निनो झाला की इथिओपियाचा आणि आपला पाऊस बहुतेकदा बरोबरच आटतो. वैनगंगेकाठचा धानकरी आणि नाईलकाठचा फेल्ला, म्हणजे तिथला शेतकरी, यांनी एकमेकांचं नाव ऐकलं नव्हतं, तरी पाण्याने दोघांना एकाच साली दगा दिला.

नदी ओलांडून वडसा, म्हणजे देसाईगंज. इथं रस्त्यावर नाटक मंडळांची कार्यालयं ओळीने लागतात. झाडीपट्टी रंगभूमीचं हे ठाणं. धान घरात आलं, गावोगाव मंडई भरू लागली की नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाट होते तरी लोक उठत नाहीत. घरोघरी पाहुणे आलेले असतात, सोयरिकी तिथंच जुळतात. पुण्यात तिकीट काढून दोन तासांत नाटक ‘बघून येणाऱ्या’ माणसाला हा सोहळा पोटातून हलवतो. रोवणीच्या दिवसांत याच बायामाणसांची कंबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली असते. पावसाळा हा इथं कष्टाचा कळस. इजिप्तमध्ये उलटं होतं. शेतं पाण्याखाली गेली की शेतकरी रिकामा, आणि राजा त्याला बांधकामावर बोलवी. लाल समुद्राच्या काठावर २०१३ साली सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्या पिरॅमिडसाठी तुरा इथल्या खाणीतला चुनखडक होड्यांतून गिझाला नेणाऱ्या टोळीचा तो प्रमुख. नदी चढलेली असली की होडी बांधकामाच्या जवळपर्यंत जाई. त्यांच्या मोकळ्या ऋतूतून पिरॅमिड उभे राहिले. झाडीपट्टीच्या मोकळ्या ऋतूतून नाटक उभं राहतं आणि त्यात राबणारा प्रत्येक जण आपखुशीने आलेला असतो.

आरमोरी, मग गडचिरोली. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा पावसाळ्यात किती तुकड्यांचा होतो, ते नद्यांची नावं घेतली तरी कळतं: गाढवी, खोब्रागडी, सती, कठाणी, दिना, पर्लकोटा. एकेक नाला फुगला की एकेक तालुका तुटतो.

चामोर्शीच्या अलीकडे मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते. काठावर यादवांच्याही आधीपासूनच्या देवळांचा समूह, भिंतींवर शिल्पांची दाटी. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. मी गेलो तेव्हा घाटावर मोजकी माणसं होती आणि खाली वाळूत दोन ढिवर भाऊ काठीने जमीन चाचपत फिरत होते. पाणी आणखी उतरलं की ते वाडी लावणार: वाळूत खड्डे खणायचे, शेणखत भरायचं, टरबूज आणि काकडीचं बी टाकायचं. मुळं वाळूखालची ओल शोधत जातात आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रातच फळं तयार होतात. सातबारावर या जमिनीचं नाव नाही; दर पावसाळ्यात ती मोडते आणि दर हिवाळ्यात दुसरीकडे निघते. नाईलचा शेतकरीही पुरात खुणा बुडाल्यावर दोरी धरून आपलं शेत नव्याने मोजून घ्यायचा. इथं दोरी नाही, भावकीच्या समजुतीवर वाटणी होते. मात्र जवळच चिचडोहचं बॅरेज आहे, ३८ दारांचं. कुठला पट्टा कधी उघडा पडेल हे आता त्या दारांवरही ठरतं. त्यातच रेतीघाटांचे लिलाव. ज्या वाळूत टरबूज पिकायचं ती ट्रकांतून निघून जाते आणि उरतो तो खडक.

नदी हीच वाट असलेली माणसंही याच पट्ट्यात आहेत. २०२४च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया पलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली आणि त्यांतल्या बहुतेक परतल्या नाहीत. मजुरीसाठी रोज नदी ओलांडणाऱ्या बाईच्या अंगावर तरंगायचं जाकीट असावं, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे अजून होत नाही.

चपराळ्याच्या अभयारण्याच्या कडेला वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता सुरू होते. आलापल्लीहून मी वाट सोडून पूर्वेला भामरागडला गेलो. साग मागे पडत जातो, भाषा माडिया होते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी इथं एकत्र येतात. जवळच हेमलकशात बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटतं. २०१९च्या पावसाळ्यात तर गाव पुन्हा पुन्हा पाण्यात गेलं. इथं पुराचं माप अगदी सोपं आहे: पूल दिसतो की नाही. बाजारपेठेतले दुकानदार पाणी चढताना माल माळ्यावर टाकतात, उतरलं की दुकान धुतात आणि उघडतात. पावसाळ्यापूर्वीच दुर्गम गावांत काही महिन्यांचं रेशन पोचवून ठेवायची सरकारी पद्धत आहे. हाल आहेत, आणि बाळंतिणीला खाटेवरून नेताना ते जिवावर बेततात. तरीही एका माडिया तरुणाने ज्या खात्रीने सांगितलं की पाणी वाढतं तसं आम्ही गुरं वर नेतो, ती खात्री मला लाडजला कुणाच्या बोलण्यात आढळली नव्हती. त्याची नदी अजून पावसाच्याच हुकमात आहे.

सिरोंच्यात कानावर तेलुगू पडते. ब्रह्मपुरीत जिची पातळ भाजी खाल्ली ती अंबाडी इथं गोंगुऱ्याची झणझणीत चटणी होऊन पानात येते. भात तसाच ढीगभर. पलीकडे कालेश्वरमचं मुक्तेश्वर, जिथं एकाच शाळुंकेत दोन लिंगं आहेत. २०२२च्या एप्रिलमध्ये बारा वर्षांनी आलेल्या प्राणहिता पुष्कराला दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. त्याच साली जुलैत गोदावरीला महापूर आला.

गावाच्या खाली गोदावरीवर तेलंगणाचं मेडिगड्डा बॅरेज आहे. २०१९च्या जूनमध्ये उद्घाटन, ८५ दारं. २०२३च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले आणि पाणी सोडून द्यावं लागलं. मधल्या वर्षांत सिरोंच्याकडच्या काठावर मिरचीची आणि कापसाची रानं पाण्याखाली राहिली, काठ खचून काही शेतं नदीत गेली. १९७० साली असवानचं मोठं धरण पुरं झाल्यावर नाईलचा पूर कायमचा थांबला. गाळ नासर सरोवराच्या तळाशी बसू लागला आणि शेतकरी खताच्या पिशव्यांवर आला. पण त्याला बाराही महिने पाणी मिळालं, वर्षाला दोन-तीन पिकं मिळाली. त्याच्या वाट्याला निदान एक सौदा आला. सिरोंच्याच्या काठाला धरणाचं पाणी मिळालं ते नको त्या दिवशी.

एका मिरचीवाल्या शेतकऱ्याच्या बांधावर संध्याकाळी बसलो होतो. रोपं हातभर झाली होती. काठालगतचा पट्टा मात्र त्याने मोकळाच ठेवला होता. त्या मातीत मिरची सगळ्यात जोमाने येते, गाळाची जमीन आहे, असं तो स्वतःच म्हणाला. त्याने वहीत हिशेब लिहून ठेवला होता: कुठल्या दिवशी किती दारं बंद होती आणि किती तासांत पाणी कुठल्या धुऱ्याला लागलं. पानं भरलेली, अक्षर बारीक. ‘दारांची तारीख आधी लिहून दिली, तर खालीही लावीन,’ तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन तहसील कचेरीत जाणार असल्याचं त्याने सांगितलं.